खताच्या दुकानात बसणारे आडकूजी

लाखांदूरच्या बाजारात माझं खताचं दुकान होतं, आणि दर बाजाराच्या दिवशी त्या दुकानात बसून एक माणूस गिऱ्हाइकांना सांगायचा, की खत घेऊ नका.

त्यांचं नाव आडकूजी. दुकान माझं, बाक माझा, बाकाशेजारचा पाण्याचा माठही माझा. आडकूजी मोहखारीहून पहिल्या एस्टीनं यायचे. मी देवाच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळत असताना पायरी चढायचे, माठातलं पाणी प्यायचे आणि बाकावर मांडी ठोकून म्हणायचे, "माहं काही काम नाही, इवाई. बसतो जरासा." हे 'जरासं' संध्याकाळच्या एस्टीपर्यंत चालायचं.

गिऱ्हाइकानं युरियाच्या पोत्याला हात लावला रे लावला, की बाकावरून आवाज यायचा, "काहून नेऊन राहिला हे, इवाई?"

इवाई म्हणजे व्याही. आडकूजी जगातल्या झाडून सगळ्या पुरुषांना इवाई म्हणायचे. मला, माझ्या हमालाला, एस्टीच्या कंडक्टरला, पंचायत समितीच्या साहेबांना. आमच्याकडे अनोळखी माणसालाही 'का भाऊ' म्हणून हाक मारतात, पण आडकूजींच्या तोंडून 'भाऊ' हा शब्द मी कधी ऐकला नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "इवायासंग कितीबी भांडा, लेक त्याच्या घरी असते. तोडता येत नाही. भावाचं तसं नाही." मी हसलो. मला वाटलं, गंमत करताहेत. आडकूजींना लेक नव्हती. लेकरूच नव्हतं.

माणूस दिसायला काटकुळा. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात खिशाची बंडी, डोक्याला दुपट्टा. जन्मभर चिखल तुडवल्यामुळे पायाची बोटं पंख्यासारखी फाकलेली. बंडीच्या खिशात चुन्याची एक मोठी डबी असे. तिच्यात चुना नसायचा, त्यांच्या शेतातली माती असायची. गिऱ्हाईक सापडलं की डबी उघडून त्याच्या नाकाखाली धरायचे. "घ्या वास. घ्या, घ्या! मेलेल्या मातीले वास नाही येत. आता तुमच्या वावरातली आना अन् घ्या वास."

"माती तुमच्यासारखी खिशात घेऊन कोन फिरते, जी?" गिऱ्हाईक म्हणायचं.

"तुमी घेऊन फिरसान कायले? तुमी तिले दारू पाजून राहिले." युरियाला आडकूजी दारू म्हणत. "पेला का गडी नाचते. अहाहा, काय हिरवं, काय काळंभोर! पर दुसऱ्या साली तेवढ्यानं नाचत नाही, आखीन लागते. मंग आखीन. अन् घरातलं खानं सुटलं ते सुटलंच."

ही सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. बुटक्या धानाचं नवं बियाणं नुकतंच सगळीकडे रुळत होतं, आणि त्याला खत लागायचं. माझ्या दुकानासमोर बैलबंड्या उभ्या राहायच्या. अशा वेळी घरात शिरून बसलेला हा शत्रू मी हाकलून का दिला नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. एकदा प्रयत्न केला होता. बाकाला रंग लावायचा आहे म्हणून बाक आत नेऊन ठेवला. आडकूजी दिवसभर उभे राहिले. उभ्यानं त्यांचा आवाज जास्त लांब जातो असं लक्षात आल्यावर मी बाक पुन्हा बाहेर आणला.

आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामुळे माझं काही बिघडत नव्हतं. उलट आडकूजी बोलायला लागले की गंमत बघायला माणसं जमायची, आणि जमलेली माणसं जाताना एखादं पोतं घेऊन जायची. त्यांच्या भाषणानं माझा युरिया जास्तच खपला असेल. हे त्यांना कळत होतं की नाही, मला ठाऊक नाही. ते घसा सुकेपर्यंत बोलायचे आणि माझ्याच माठातलं पाणी पिऊन पुन्हा बोलायचे.

त्यांचं म्हणणं तसं साधं होतं. धान रोवायच्या आधी त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बोरू पेरायचा. बोरू म्हणजे ताग. दाट हिरवा वाढला की तो तसाच चिखलात नांगरून टाकायचा, सडू द्यायचा आणि वर रोवणा करायचा. शिवाय शेण जाळायचं नाही, तलावाचा गाळ उन्हाळ्यात वाहून शेतात टाकायचा. झालं. यात नवीन काही नव्हतं. जुन्या माणसांना हे सगळं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि करणं वेगळं.

लोक नाही म्हणायचे, त्यांची कारणंही काही खोटी नसत. एक जण म्हणाला, "वावर बटईचं आहे, जी. यंदा माह्याकडे, पुढच्या साली दुसऱ्याकडे. मी माती कोनासाठी सुधरवू?" दुसरा म्हणाला, "शेन वावरात टाकलं त चुलीत काय घालू? बायको मलेच घालन." तिसऱ्याची अडचण सगळ्यांचीच होती. पाऊस लांबला तर बोरू वाढेस्तोवर रोवण्याचा वकत निघून जायचा. आडकूजी प्रत्येकाशी भांडायचे. आणि शेवटी कोणी तरी ठेवणीतला प्रश्न काढायचं, "कोनी केलं हे? दाखवा एक मानूस."

"मी केलं."

"तुमी त पागल आहा, आडकूजी."

 यावर सगळा बाक हसायचा, आडकूजीही हसायचे, आणि डबीचं झाकण लावायचे.

पागल म्हणायला लोकांना कारणंही भरपूर होती. बाजारात कुणाच्याही बैलानं शेपूट उचललं की आडकूजी वाक्य अर्धवट सोडून टोपलं घेऊन धावायचे. संध्याकाळी ते भरलेलं टोपलं घेऊन एस्टीत चढायचे आणि तिथं दर वेळचं नाटक व्हायचं.

"बाबा, हे काय आहे?" कंडक्टर नाक दाबून विचारायचा.

"सोनं होय, इवाई."

"मंग सोन्याचं लगेज काढा."

"लगेज कायले? मी मांडीवर घेऊन बसतो."

एकदा कंडक्टरनं हट्टच धरला. टोपलं टपावर चढवलं. वाटेत पाऊस आला. मोहखारी येईपर्यंत ते सोनं दोन्ही बाजूंच्या खिडक्यांवरून ओघळून आत बसलेल्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या अंगावर आलं होतं. दुसऱ्या बाजाराला आडकूजी आले ते कपाळावर टेंगूळ घेऊनच. "वऱ्हाडातली बाई होती," एवढंच म्हणाले. "हात चांगला होता तिचा."

एका वर्षी पंचायत समितीच्या साहेबांनीच बोरूचं बियाणं फुकट वाटलं. आडकूजींचा आनंद पोटात मावेना. गावोगाव बोरू हिरवागार उभा राहिला. पण लोकांनी तो नांगरला नाही. वाढू दिला, कापला, तलावात भिजत घातला आणि त्याच्या सालीचे दोर वळले. त्या वर्षी आमच्या भागात एकाही बैलाचा कासरा जुना राहिला नाही. आडकूजी बाकावर बसून बाजारातले नवे दोर मोजल्यासारखे बघत राहिले. "फुकटचं कोनी मातीत गाडते का, इवाई," ते म्हणाले. "गाडायले इश्वास लागते." 

आणखी एक खोड होती, ती माझ्या उशिरा लक्षात आली. दुकान बंद करायच्या वेळी, उठता उठता, सहज विचारल्यासारखं ते विचारायचे, "आज मोहखारीचं कोन आलतं का, इवाई?" मी नावं सांगायचो. ऐकून घ्यायचे आणि जायचे. स्वतःच्या गावात राहणारा माणूस गावचं कोण बाजाराला आलं हे मला का विचारतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण दिवसभराच्या हिशेबात असले प्रश्न पडत नाहीत.

मग तुडतुड्याचं वर्ष आलं. धान पोटरीत होतं आणि बांध्यांमध्ये गोल गोल ठिकाणं वाळायला लागली, कुणी वरून निखारे ओतल्यासारखी. बुडाशी बघावं तर गव्हाएवढे तपकिरी किडे, बुंध्याला लगडलेले. दुकानात पावडर घ्यायला रांग लागली.  माणसं पोती उचलत होती आणि जात होती.

त्या बाजाराला मला वाटलं, आज आडकूजी सगळ्यांना फाडून खाणार. 'सांगतलं होतं' म्हणायचा त्यांना पुरता हक्क होता. कोणी तरी मुद्दाम विचारलं, "काय जी आडकूजी, तुमच्या जित्या मातीत किडा आला का नाही?"

आडकूजी म्हणाले, "आला."

"म्हंजे तुमचंबी जळलं?"

"माहंबी जळलं. कमी जळलं, पर जळलं."

रांगेतून एक हसू फिरलं. स्वतःचं धान गेलेली माणसं, पण तेवढ्या दुःखातही त्यांना बरं वाटलं. आडकूजी खोटं बोलले असते तर कुणी मोहखारीला तपासायला जाणार नव्हतं. ते खाली मान घालून बसले होते. दुकान बंद होताना त्यांनी विचारलंच, "मोहखारीचं कोन आलतं?"

"तुम्ही शेण गोळा करायला गेलात तेवढ्यात कवडूजी पावडर घेऊन गेले," मी म्हणालो.

"किती जळलं म्हने त्याचं?"

"निम्म्याच्या वर."

आडकूजींनी दुपट्टा सोडला, पुन्हा बांधला, आणि निघून गेले.

पुढच्या पावसाळ्यात मी मोहखारीला गेलो. पावडरचा लोकांना किती उपयोग झाला ते बघायचं होतं, आणि आडकूजींची शेती एकदा डोळ्यांनी बघावी असंही मनात होतं. पाऊस धरून होता. आडकूजी बांधीत बैलांच्या मागे चिखलणी करत होते, आणि मोठमोठ्यानं बोलत होते. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून ऐकत राहिलो.

"अरे पाखऱ्या, युरिया एकाच खेपेनं फेकाचा नसते! तीन बार करून टाकाचा! अन् पानी काढून टाकाचा!" पाखऱ्या म्हणजे त्यांचा बैल. पाखऱ्या बिचारा शेपटी हलवत चालला होता. "अन् पल्याडच्या कोपऱ्यात पानी साचून राहिलं ना, तिथूनच किडा लागते! समजलं का रे, पाखऱ्या?"

मला आश्चर्य वाटलं ते दोन गोष्टींचं. एक, आडकूजी युरिया कसा टाकायचा ते सांगत होते. दुसरं, त्यांच्या बांधीत कोपऱ्यात पाणी साचलेलं नव्हतं. पाणी साचलं होतं ते धुऱ्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्या शेतात. तिथं एक माणूस आमच्याकडे पाठ करून फावड्यानं माती ओढत होता. त्यानं मान वळवली नाही.

आडकूजींच्या बायकोनं, सयाबाईनं, मला धुऱ्यावर चहा आणून दिला. मी तिला म्हणालो, "बैलाला फार शिकवतात हो आडकूजी."

"बैलाले नाही शिकवत जी," ती हळूच म्हणाली. "पल्याडच्याले सांगतेत. कवडू भावजी होयत ते."

कवडूजी आडकूजींचे सख्खे धाकटे भाऊ. वाटणी झाली तेव्हा हा एकच धुरा दोघांच्या मधे आला. एका कोरड्या वर्षी तलावाचं पाणी सुटलं, तेव्हा कवडूजींनी रातोरात धुरा फोडून ते आपल्या बांधीत घेतलं. आडकूजींचे पऱ्हे, म्हणजे रोवायला तयार असलेली रोपं, वाळून गेले. पंच बसले. आडकूजी तोंडाचे तिखट. भर पंचांत त्यांनी सांगितलं, की हा माझा भाऊ नाही आणि यापुढं त्या नावानं मी कुणाला हाक मारणार नाही. पहिली गोष्ट त्यांच्या हातची नव्हती. दुसरी त्यांनी पाळली.

"तवापासून बोलनं नाही," सयाबाई म्हणाली. "भावजी बोलले असते कदाचित, पर तेबी आयटदार. अन् ह्याइले वाटते, कवडूची माती मरून राहिली. मी म्हनलं, जाऊन सांगा. म्हनते, माह्या तोंडून तो आयकनार नाही. दुसऱ्या कोनाच्या तोंडून आयकन. म्हनून बाजाराले जातेत ना, जी. इतक्या मानसाले सांगतलं त एखादा तरी येऊन त्याले सांगन, असं वाटते त्याइले."

मी चहा तसाच हातात धरून उभा राहिलो. आख्ख्या तालुक्याला जे भाषण चाललं होतं ते एका माणसासाठी होतं, आणि तो माणूस एका धुऱ्याच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून उभा होता.

त्यानंतर आडकूजींना मी कधी बाक रंगवायचं सांगितलं नाही.

कवडूजींच्या एकुलत्या एका मुलीचं, पार्बताचं, लग्न झालं. आडकूजींना बोलावणं नव्हतं. मुलगी दिली पवनी तालुक्यात, आसगावला. हे मला दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांकडून कळलं, आणि बाकावर बसलेल्या आडकूजींनाही तसंच कळलं असावं.

वर्षभरानं एक धिप्पाड गृहस्थ उन्हाचं सावलीला म्हणून दुकानात टेकले. पवनीची एस्टी यायला अवकाश होता. आडकूजींनी नेहमीप्रमाणं सुरुवात केली. "कोनतं गाव, इवाई?"

"आसगाव. सुनेले माहेरी सोडून देऊन आलो. मोहखारीले."

आडकूजींचा हात डबीकडे गेलेला तिथंच थांबला. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. समोरच्या हॉटेलवाल्याला ओरडून चहा सांगितला. चहा आल्यावर म्हणाले, "तुमी घ्या." इवाई म्हणाले नाहीत. जगातल्या सगळ्या परक्यांना इवाई म्हणणारा हा माणूस, खरा इवाई समोर बसल्यावर त्याला नुसतं 'तुमी' म्हणत होता. स्वतःचं गाव विचारल्यावर "मी इकडचाच" एवढंच बोलले.

त्या दिवशी ते भांडले नाहीत. दारू नाही, मेलेली माती नाही. माधोजींना (हे त्या गृहस्थांचं नाव) त्यांनी हळू आवाजात, विनवल्यासारखं, बोरूचं सगळं सांगितलं. पाऊस लांबला तर काय करायचं, तलावाचं पाणी असेल तर रोहिणीतच कसं पेरता येतं, सगळ्या शेतात नको, एका बांधीत करून बघा. माधोजी एस्टी आली तरी उठेनात. पुढच्या बाजाराला आडकूजींनी घरचं बियाणं पिशवीत बांधून आणलं, आणि ते पवनीच्या एस्टीनं आसगावला पोचतं झालं.

त्याच पावसाळ्यात, ऐन चिखलणीच्या धांदलीत, आडकूजींचा एक बाजार चुकला. नंतर आले तेव्हा मी विचारलं. म्हणाले, "आसगावले गेलतो."

"कशाला?"

"बोरू पायले."

"मग? कसा आहे?"

"चांगला आहे," आडकूजी म्हणाले, आणि दुसरीकडे बघू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात, रोहिणी लागायच्या थोडं आधी, कवडूजी माझ्या दुकानात आले. आडकूजी बाकावर होते. पायरी चढताना कवडूजींनी त्यांना पाहिलं असणारच, कारण ते बाकाला वळसा घालून, माठाच्या बाजूनं आत आले. नीटनेटका, मोजकं बोलणारा माणूस. गावात शहाणा शेतकरी म्हणून नाव. नुकसानीत जाईल अशी गोष्ट कवडूजी करणार नाहीत, असं लोक म्हणायचे.

"शेटजी, बोरूचं बी हाये का?"

 "बोरूचं? तुम्हाला?"

"आसगावच्या इवायानं केलं गेल्या साली. जाऊन पाहून आलो. नांगर लोण्यात गेल्यासारखा जाते. धानबी बरं झालं अन् खत निम्मंच लागलं."

मी बोलून गेलो, "अहो, पण तुमच्या गावात आडकूजी तर कधीपासून..."

बाकावरून खाकरण्याचा आवाज आला. कवडूजींनी तिकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघत, बाकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "पागल मानसाचं आयकून शेती होते का, शेटजी?"

 मी चोरट्या नजरेनं आडकूजींकडे पाहिलं. त्यांनी दुपट्ट्याचा पदर तोंडात कोंबला होता आणि खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत. नीट पाहिलं तर हसत होते. कवडूजी बियाणं बांधून घेऊन गेले. हे बियाणं माझ्याकडे कुठून आलं ते त्यांनी विचारलं नाही. ते आडकूजींनीच दर वर्षी माझ्याकडे ठेवलेलं, कधी न विकलेलं पोतं होतं.

"नेलं ना?" आडकूजींनी विचारलं.

"नेलं."

"बरं झालं." ते उठले, माठातलं पाणी प्यायले आणि दुपारच्याच एस्टीनं गेले. त्यानंतर ते दुकानात बसायला आले नाहीत. मी निरोप पाठवला, तर उत्तर आलं, "आता काय काम?"

कवडूजींनी केलं आणि मोहखारीत चार-पाच जणांनी केलं. त्यांच्या शेजारच्यांनी केलं, त्यांच्या सोयऱ्यांनी केलं. तोच बोरू, तीच माती, तोच पाऊस. आडकूजींच्या बांधीत इतकी वर्षं हेच चाललं होतं, धुऱ्यावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ते पाहिलं होतं. पण पागल माणसाचं चांगलं पीक म्हणजे नशीब आणि शहाण्या माणसाचं चांगलं पीक म्हणजे पद्धत. लोक त्याला 'कवडूजीची पद्धत' म्हणू लागले. मी बोरूचं बियाणं दुकानात ठेवायला लागलो. युरियाही विकत होतोच. पण बाजाराच्या दिवशी दुकान ओकंओकं वाटायचं. गिऱ्हाईक पोत्याला हात लावायचं आणि कुणीच काही म्हणायचं नाही.

दोनेक वर्षांनी, धानाची मळणी चालू असताना, आडकूजी तापानं गेले. निरोप मिळाला तसा मी मोहखारीला पोचलो. अंगणात माणसं होती, फार नव्हती. अडलं होतं ते अग्नी कोणी द्यायचा यावर. मुलगा नव्हता. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं, पण कोणी बोलत नव्हतं. तेवढ्यात कवडूजी आले. उघड्या अंगानं, डोकं भादरून, तयारी करूनच आले होते. कोणाला विचारलं नाही, कोणाशी बोलले नाहीत. मडकं उचललं आणि पुढं चालू लागले.

स्मशान तलावाच्या पाळीखाली होतं. वाट शेतांमधूनच जात होती. सगळं आटोपल्यावर लोक पांगले. कवडूजी धगीपासून थोडे दूर बसून होते. मी जवळ गेलो. शेजारी बसलो.  मग तेच म्हणाले, "शेटजी, येत्या साली बोरूचं बी जास्त ठेवजा. गावात मागून राहिले."

"ठेवतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, कारण ते भरलेले आहेत हे त्यांना कळलंच नसावं.

परतीच्या एस्टीची वाट बघत मी फाट्यावर उभा होतो. पार्बता तिथं आली. आसगावला घरी लेकरू ठेवून धावत आली होती, तशीच परत निघाली होती. मला ओळखत होती. कडेला बसली आणि, कोणाला तरी सांगायलाच हवं होतं म्हणून असेल, आपणहून बोलायला लागली.

"मोठे बाबा आसगावले आलते, शेटजी. बोरू पायले. तुमाले म्हाईत आहे का?"

"आलते, एवढं सांगितलं होतं मला."

"मामाजींनी त्याइले घरी आनलं. मी पाहिलं अन् माह्या हातचा तांब्याच पडला. लहानपनापासून बोलनं नाही, घरातून मनाई. त्याइनं डोळ्यानंच सांगतलं, वळख देऊ नको. मामाजी हातपाय धुवायले गेले तवा मी पटकन इचारलं, मोठे बाबा, बाबाले काही सांगू का? म्हनले, 'त्याले सांग का...' अन् थांबले. ओठ हलत होते, बोल फुटत नव्हता. मंग म्हनले, 'बोरू लावजो म्हना. अन् फुलावर यायच्या आंदी गाडजो म्हना. उशीर केला त काडी कडक होते, मंग सडत नाही.' एवढंच सांगतलं. मीच मंग मामाजींच्या मांगं लागली, का माह्या बाबाले तुमी सांगा, तुमी बोलावून दाखवा. माह्या तोंडून गेलं असतं त बाबांनी वळखलं असतं."

एस्टीचा आवाज लांबून येत होता. ती उठून उभी राहिली. पदर खोचला.

"मंग सासू दारातच येऊन बसली जी, काही बोलता आलं नाही. त्याइनं पानी मागतलं. मी देल्लं. थोड्या वेळानं आखीन मागतलं. आखीन देल्लं. बाहेर पाऊस पडून राहिलता, तहान कायची लागते? पर ते मागत होते, मी आनून देत होती, अन् ते पेत होते."